गणवेशाचे मोल : कुलाब्याच्या किनाऱ्यावरून

१५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून केलेल्या भाषणात पंतप्रधानांनी राष्ट्रीय छात्रसेनेच्या विस्ताराची घोषणा केली. १७३ सीमावर्ती व किनारी जिल्हे, एक लाख नवे छात्र आणि त्यांत एक तृतीयांश मुली, असे तिचे स्वरूप होते. रायगड त्याच जातकुळीतला जिल्हा. मांडव्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या मुलामुलींच्या अंगावर खाकी किंवा पांढरा गणवेश चढावा, आणि त्यासाठी शासनाने हात सैल सोडावा, ही कल्पना वरवर पाहता नवी वाटते. या किनाऱ्याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास चाळला की मात्र ती तशी नवी राहत नाही. इथे गणवेश अनेकदा आला, अनेकदा गेला. कुणाला तो मागूनही मिळाला नाही, कुणाला तो न मागता सक्तीने मिळाला. कुणी तो स्वतःच्या पैशाने शिवला तेव्हा सरकारने त्याकडे संशयाने पाहिले. तरुणांच्या गणवेशासाठी शासन पैसा केव्हा काढते, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला या जिल्ह्यात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

आरंभ रावढळपासून करावा लागेल. महाडजवळच्या या गावचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. दापोली हे त्या काळी निवृत्त लष्करी शिपायांचे मोठे ठाणे होते. कोकणातील महार समाजातून शिकलेली जी पहिली पिढी निघाली ती याच वातावरणातून, पलटणीच्या शाळांमुळे आणि निवृत्तिवेतनाच्या आधारावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त पुढे करून इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा केवळ एक नोकरी गेली नाही. शाळा गेली, निवृत्तिवेतन गेले, आणि गावच्या वेशीवर ताठ मानेने उभे राहण्याचा जो एक परवाना अंगावरच्या कोटाच्या रूपाने मिळाला होता तोही गेला. वलंगकरांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. त्यात आमचे पूर्वज याच सरकारसाठी लढले, आता आम्हांलाच का वगळता, असा रोकडा सवाल होता. पुढच्याच वर्षी महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि त्यांच्याबरोबर बसायला उच्चवर्णीय सभासद तयार होईनात. सरकारी कोट एकदा अंगावर चढलेल्या माणसाला पुन्हा जातीच्या जागी बसवण्याचा हा उद्योग होता, असे आम्हांला वाटते.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा हाच सिद्धान्त सरकारने सोयीस्करपणे गुंडाळून ठेवला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. त्याच १९१७ मध्ये विद्यापीठांतील तरुणांसाठी लष्करी शिक्षणाच्या तुकड्या निघाल्या. पुढे त्यांना युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर असे नाव मिळाले आणि त्या टिकल्या. महाविद्यालयात पोचलेल्या मुलाचा गणवेश शिल्लक राहिला, शेतमजुराच्या मुलाचा उतरवला गेला. युद्ध एकच होते.

बालवीर चळवळीची कथाही याच सुमाराची. ती प्रथम युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. हिंदी मुलांना स्काउटचा रुमाल बांधू द्यावा की नाही याबद्दल सरकार साशंक होते, कारण कवायत शिकलेला मुलगा उद्या काय करील याची शाश्वती नव्हती. अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये आपली संघटना काढली. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संघटना उभी केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना अधिकृत प्रवाहात मिसळली, मालवीयांची राहिली वेगळी. अधिकृत संघटनेचे प्रमुख खुद्द व्हाइसरॉय. बालवीर संघटनांचे हे द्वैत मिटायला १९५० साल उजाडावे लागले. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली. या सगळ्यात कुंझरू हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते पुढे दोनदा येणार आहे. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ते पुढे अध्यक्ष झाले, म्हणजे नाते कोकणाशीही पोचते.

आता महाड. १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे, त्याची अनुदानाशी असलेली गाठ मात्र फारशी कुणी उलगडून पाहत नाही. सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पैशातून चालणारी तळी, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे कागदावर खुले केले. कागदावरचे पाणी कुणाच्या घशाखाली उतरत नाही हे लक्षात आल्यावर बोल्यांनी १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला. त्याचा आशय असा होता की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा निर्णय अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. अनुदान ही केवळ मदत नसून ती एक भाषाही आहे, सरकार काय खरोखर मानते ते त्या भाषेत कळते, हे बोल्यांना नेमके उमगले होते.

१९ आणि २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक होते. आंबेडकरांनी त्या भाषणात दापोलीच्या त्या जुन्या लष्करी वसाहतीची आठवण काढली आणि भरतीबंदीने कोकणातील अस्पृश्य समाज किती मागे गेला ते सांगितले. तळ्यावर पाणी प्यायल्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले तेव्हा प्रतिकाराला सज्ज झालेल्या या माणसांना आंबेडकरांनी आवरून धरले. डिसेंबरात दुसरी परिषद भरली. मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता, म्हणून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने हरिहरेश्वरमार्गे आले आणि सावित्रीच्या खाडीत शिरून दासगावच्या बंदराला उतरले. तिथून महाडपर्यंतचे सुमारे पाच मैल ते मिरवणुकीने चालत गेले. या किनाऱ्यावरचे इतके शिस्तबद्ध संचलन त्याआधी कुणी पाहिले असेल असे वाटत नाही, आणि त्यामागे ना कुणाचा सरकारी ध्वज होता ना एक पै अनुदान.

समता सैनिक दल उभे राहिले ते याच काळात. मुंबईच्या चाळींतील तरुण आणि निवृत्त लष्करी शिपाई यांच्या बळावर ते वाढले. ज्यांचा सरकारी गणवेश हिरावून घेतला होता त्यांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून गणवेश शिवला, ही घटना तरुणांच्या गणवेशधारी संघटनांच्या इतिहासात फार मोठी आहे. दुर्दैवाने असे इतिहास बहुधा शासकीय योजनांच्या यादीवरून लिहिले जातात, आणि समता सैनिक दलाचे नाव कोणत्याच योजनेत नसल्यामुळे तिथे ते सापडत नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारचा जुना संशय कायद्याच्या भाषेत बोलू लागला. ऑगस्ट १९४० मध्ये भारत संरक्षण नियमांखाली खासगी संघटनांच्या लष्करी पद्धतीच्या कवायतीवर व गणवेशावर बंदी आली. तिचा रोख खाकसारांपासून राष्ट्रीय स्वयंसेवक संघापर्यंत अनेकांवर होता. याच बंदीच्या छायेत १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली. कोकणात सेवा दलाला जी मुले मिळाली ती शाळकरी, मध्यमवर्गीय आणि थोडीफार कुळवाडी घरची होती. सानेगुरुजींचे शब्द आणि शाखेवरचे खेळ हे त्यांचे खरे वेतन. सानेगुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आज रायगडातच, माणगाव तालुक्यातील वडघर येथे आहे आणि तिथे मुलांची शिबिरे भरतात. सेवा दल आणि समता सैनिक दल यांची विचारसरणी एक नव्हती, त्यांचे सामाजिक स्थानही एक नव्हते. त्यांना एका ओळीत बसवण्याचा आमचा हेतू नाही. पण सरकारी तिजोरीच्या बाजूने पाहिले तर दोन्ही सारखीच दिसतात, कारण तिच्या लेखी दोन्ही नव्हतीच.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, अगदी मुळापासून. कुंझरू यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९४६-४७ मध्ये शाळा-महाविद्यालयांतील लष्करी शिक्षणाचा आराखडा केला आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. आरंभीची संख्या सुमारे २० हजार. १९४९ मध्ये मुलींचा विभाग, १९५० मध्ये हवाई शाखा, १९५२ मध्ये नौदल शाखा. या कायद्यातील आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की छात्राने प्रत्यक्ष लष्करी सेवेत गेलेच पाहिजे असे बंधन त्यात घातलेले नाही. राज्य पैसा देईल, बंदूक हाती देईल, आणि तरीही मुलाला विद्यार्थीच राहू देईल, ही तरतूद त्या पिढीच्या समंजसपणाची खूण आहे. खर्चाची वाटणीही तेव्हाच ठरली आणि तिचा साचा पुढेही टिकला. गणवेश, शस्त्रे आणि लष्करी प्रशिक्षक केंद्राचे. कार्यालय, कारकून, परेडनंतरचा अल्पोपाहार आणि शिबिराच्या खर्चातील काही वाटा राज्याचा.

एक योगायोग इथे नोंदवावासा वाटतो. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्याने लोकसभेवर पाठवले ते चिंतामणराव देशमुखांना. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले हे गृहस्थ देशाचे अर्थमंत्री होते. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले ते सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, आझाद हिंद सेनेतील नेताजींचे निकटचे सहकारी. ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. १९५४ मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनातील निर्वासितांच्या मुलांत त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. म्हणजे पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर देशाची तिजोरी एका कोकणी माणसाच्या हाती होती आणि देशातील मुलांच्या कवायतीचा सर्वांत मोठा नवा प्रयोग दुसऱ्या कोकणी माणसाच्या हाती. यावरून कोकणच्या मुलांना काही अधिक मिळाले, असा निष्कर्ष कुणी काढू नये. कोकणाने मोठी माणसे देशाला द्यावीत आणि स्वतः मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहावी, हा शिरस्ता त्यांच्याही काळात मोडला नाही.

भोसल्यांच्या योजनेकडे मात्र अधिक आदराने पाहायला हवे. तिच्यामागे सीमेवरचा शत्रू नव्हता. आई-बाप, घर, गाव गमावून बसलेली, रस्त्यावर वाढणारी मुले होती. त्यांना एका रांगेत उभे करणे म्हणजे त्यांना पुन्हा कुठल्यातरी मोजणीत घेणे होते. एका पराभूत सेनेचा सेनानी निर्वासित मुलांना 'सावधान' शिकवतो आहे, हे दृश्य आमच्या साहित्यिकांच्या नजरेतून कसे निसटले याचे आश्चर्य वाटते. पुढे योजना शिक्षण खात्याकडे गेली आणि देशभरच्या शाळांत पसरली. १९६३ मध्ये भोसले वारले. कवायत, शारीरिक शिक्षण, शिस्त अशा निरनिराळ्या योजना एकमेकींच्या पायांत येत आहेत म्हणून त्यांचा मेळ घालण्यासाठी समिती नेमली गेली होती, तिचे अध्यक्ष पुन्हा कुंझरूच. तिच्या शिफारशींतून १९६५ मध्ये राष्ट्रीय तंदुरुस्ती दल निघाले. भोसल्यांची योजना त्यात विरली आणि सत्तरच्या दशकात त्या दलाचे शिक्षक राज्यांकडे वर्ग करण्यात आले. निर्वासितांच्या मुलांपासून निघालेल्या प्रवाहाचा शेवट सेवाज्येष्ठतेच्या वादांत झाला.

मधल्या काळात १९६२ चे युद्ध होऊन गेले होते. १९६३ पासून पदवी वर्गातील सुदृढ मुलग्यांना छात्रसेना सक्तीची झाली. अलिबाग आणि महाड या दोन्ही ठिकाणी महाविद्यालये निघाली ती याच दशकाच्या आरंभी. महाडचे महाविद्यालय तर आंबेडकरांनी स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. वलंगकरांनी अर्ज करूनही जो गणवेश मिळाला नाही, १९२१ मध्ये जो उतरवून घेतला गेला, तो आता त्याच तालुक्यातील मुलांना नको म्हणण्याचीही सोय न ठेवता मिळू लागला. इतिहासाची ही थट्टा क्रूर म्हणावी की सुखद, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. वलंगकरांच्या अर्जातील मागणी लष्करी चाकरीची, तिच्या वेतनाची आणि तिच्या मानाची होती. १९६३ मध्ये मिळाली ती आठवड्याची हजेरी.

सक्तीचे जे व्हायचे तेच झाले. संख्या एकदम फुगली. तिच्या मानाने प्रशिक्षक नव्हते, रायफली नव्हत्या, शिबिरांची सोय नव्हती. ज्याला बूट मिळाले त्याला पट्टा नाही आणि ज्याला पट्टा मिळाला त्याच्या मापाची टोपी नाही, असा प्रकार त्या पिढीतील प्राध्यापकांकडून आम्ही ऐकत आलो. १९६८ मध्ये सक्ती उठली. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिला गणवेश नव्हता. घमेले, फावडे आणि खेड्यातील शिबिर. युद्धाच्या भीतीने उघडलेली थैली सहा वर्षांत आकसली आणि तिची जागा स्वस्त, सौम्य आणि काही अंशी अधिक उपयुक्त अशा योजनेने घेतली, असे म्हणायला हरकत नाही. शाळांच्या पातळीवर स्काउट-गाईड आणि आर. एस. पी. चालू राहिले, पण तिथल्या गणवेशाचे पैसे बहुतेक ठिकाणी पालकच भरत आले. (आणि स्काउटमास्तर म्हणून ज्याच्या गळ्यात ते काम पडले त्या शिक्षकाचे रविवार कुणी मोजलेच नाहीत.)

मग १९९३. जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. पुढे विशेष टाडा न्यायालयाने सीमाशुल्क आणि पोलिस खात्यातील काही जणांना या प्रकरणी दोषी ठरवले. म्हणजे किनाऱ्यावर पगारी गणवेश होता, आणि तोच विकला गेला होता. यानंतर शासनाचे लक्ष बिनपगारी माणसाकडे वळले. कोळीवाड्यांतील तरुणांना घेऊन पोलिसांच्या देखरेखीखाली सागर रक्षक दल उभे राहिले. २००८ च्या हल्ल्यानंतर त्याचा गाजावाजा अधिक झाला. ओळखपत्र, कधी जाकीट, कधी शिट्टी, एखादी बैठक आणि मानधनाच्या जागी शाबासकी. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके-४७ असलेली बेवारस नौका लागली तेव्हा पुन्हा काही दिवस या तरुणांची आठवण झाली. ज्याला भरती-ओहोटी कळते, अनोळखी होडी इंजिनाच्या आवाजावरून ओळखता येते, त्याच्या ज्ञानाला आम्ही 'सहकार्य' म्हणतो. सहकार्याला वेतनश्रेणी नसते.

हे सगळे पाठीशी घेऊन २०२० च्या घोषणेकडे पाहिले की तिची तारीख बोलकी वाटते. आदल्याच जूनमध्ये गलवान घडले होते. छात्रसेनेबद्दल आमच्या मनात अढी नाही, उलट आपुलकी आहे. ब्रासोने बक्कल घासणारी, खळ घातलेला शर्ट सुरकुती न पडता एसटीच्या गर्दीतून सांभाळून आणणारी मुलगी वर्गातही ताठ बसते, हे आम्ही पाहतो. कामठीहून प्रशिक्षण घेऊन आलेला आमचा सहकारी प्राध्यापक त्या तुकडीसाठी किती खस्ता खातो हेही पाहतो. कापडाऐवजी गणवेशाचे पैसे आता थेट छात्राच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली आहे आणि ती स्वागतार्ह आहे, निदान मापाची टोपी तरी मिळेल. २०२४ मध्ये आणखी तीन लाख जागांना मान्यता मिळाली आणि एकूण मर्यादा २० लाखांवर गेली.

मात्र केंद्राने संख्या वाढवली की राज्याचा वाटाही वाढावा लागतो. कारकून वाढावे लागतात, अल्पोपाहार वाढावा लागतो, शिबिरे वाढावी लागतात. ज्या संस्था प्रतीक्षायादीत ताटकळतात त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे, पूर्णतः स्वयंअर्थसहाय्यित तुकडीची. तीत गणवेशापासून शिबिरापर्यंतचा खर्च संस्थेने स्वतः सोसायचा असतो. पनवेलच्या बाजूच्या, शुल्क घेऊ शकणाऱ्या एखाद्या संस्थेला हे परवडेल. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या, जिथे निम्मी मुले मासळीच्या हंगामात वर्गात नसतात, अशा संस्थेला ते परवडायचे नाही. आणि नौदल शाखेचा पांढरा गणवेश जर किनाऱ्यासाठी म्हणून येणार असेल, तर तो आधी कुठे पोचतो ते पाहावे लागेल : जिथे दोर वळायला, शीड बांधायला आणि वारा ओळखायला वेगळा प्रशिक्षक नेमावा लागत नाही त्या कोळीवाड्यांत, की जिथे शुल्काची पावती वेळेवर फाटते तिथे.